गावात जैविक निविष्ठांचा कारखाना: सरकार, विद्यापीठ आणि शेतकरी कंपनीची मोट कशी बांधायची

विदर्भाच्या शेतात जैवतंत्रज्ञान २००२ सालीच उतरलं. त्या वर्षी बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि काही वर्षांत सरळ वाणाचं बियाणं दुकानातून जवळपास गायब झालं. त्या सगळ्या व्यवहारात आपला वाटा मात्र गिऱ्हाइकाचा होता. जनुक बाहेरचं, बियाणं बहुतेक बाहेरचं, नफाही बाहेरच गेला. पुढे गुलाबी बोंडअळी त्या जनुकाला जुमानेनाशी झाली. ते नुकसान तेवढं इथल्या वावरात राहिलं.

हा लेख इथंच काही तयार करू पाहणाऱ्यांसाठी आहे: मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. करून गावी परतलेले, शेतकरी उत्पादक कंपनीचे संचालक, तालुक्याच्या महाविद्यालयात शिकवणारे. १९९९ मध्ये हैदराबादजवळ जीनोम व्हॅली उभी राहिली, तशी लस आणि औषधांची वसाहत दिग्रस किंवा सिंदेवाहीला होईल असं कुणी सांगत असेल तर चहा पिऊन निघून यावं. आपल्याकडे होण्यासारखं जैवतंत्रज्ञान आहे ते जिवाणू खतं, जैविक बुरशीनाशकं, मित्रकीटक आणि रोगमुक्त कलमांचं. कच्चा माल फारसा महाग नाही, गिऱ्हाईक बांधाला लागून आहे आणि शास्त्र अकोला-नागपुरात तयार आहे. मधला दुवा तेवढा कुणाच्या मालकीचा नाही. प्रयोगशाळेतल्या काचेच्या नळीपासून कृषी सेवा केंद्राच्या फळीवरच्या पिशवीपर्यंत जिवाणू जिवंत पोचवणं हे काम विद्यापीठ आपलं मानत नाही आणि कृषी विभागही मानत नाही. तुमचा उद्योग नेमका तिथं आहे.

पायरी पहिली: एक पीक, एक हंगाम

सुरुवातीला सगळे दहा उत्पादनांची यादी करतात. ती फाडून टाका. पश्चिमेकडे कापूस, सोयाबीन, तूर, हरभरा. वरूड, मोर्शी, काटोल, नरखेड पट्ट्यात संत्रा. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे धान. तुमच्या पन्नास किलोमीटरच्या परिघात जे पीक सर्वांत जास्त, त्यातलं एकच काम हाती घ्या.

नवख्यानं खरिपापासून सुरुवात करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. सोयाबीनला जिवाणू संवर्धक लागतं मृगाच्या पेरणीला. म्हणजे माल तयार करायचा एप्रिल-मेमध्ये. तेव्हा पारा पंचेचाळिशीला टेकलेला, वीज लपाछपी खेळणारी आणि गोदामाचे पत्रे तापलेले. त्यातलं रायझोबियम, म्हणजे मुळावर गाठी धरून हवेतलं नत्र पिकाला देणारे जिवाणू, बीजाणू (वाईट काळ काढण्यासाठीचं टणक रूप) तयार करत नाही, त्यामुळे ते या उन्हात झपाट्यानं मरतं. तीच गोष्ट हरभऱ्यासाठी केली तर उत्पादन ऑगस्ट-सप्टेंबरात येतं आणि विक्री चित्रा-स्वातीच्या पेरणीला होते. हवा आपल्या बाजूनं असते. म्हणून पहिलं उत्पादन हरभऱ्याचं रायझोबियम आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू, म्हणजे पीएसबी, हे धरा. पीएसबी मागताना बॅसिलस गटातलाच मागा, कारण तो बीजाणू करतो आणि उष्णता बराच काळ सोसतो. एक लक्षात ठेवा: सोयाबीनचं रायझोबियम हरभऱ्याला चालत नाही, दोघांचे जिवाणू वेगळे. दुकानात एकच पाकीट 'सर्व कडधान्यांसाठी' म्हणून दिसलं तर त्याच्या नादी लागू नका.

आता हिशेब करा. दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅम ही नेहमीची शिफारस आहे. हरभऱ्याचं बियाणं एकरी ३० किलो धरलं तर एकराला ७५० ग्रॅम लागेल. हजार एकर म्हणजे जेमतेम ७५० किलो, पीएसबी धरून दुप्पट. एका शेतकरी कंपनीच्या सभासदांच्या जोरावर कारखाना चालत नाही, हे या एका आकडेमोडीत दिसतं. कर्जाच्या फायलीत दाखवलेली 'अपेक्षित मागणी' बहुतेक वेळा याच ठिकाणी खोटी ठरते. चार-पाच कंपन्या मिळून मागणी नोंदवत असतील तरच पुढच्या पायरीवर जा.

पायरी दुसरी: कोणत्या दारात काय मिळतं

अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ पासून आहे. वनस्पती रोगशास्त्र, कीटकशास्त्र आणि मृद विज्ञान हे तिथले तुमच्या कामाचे विभाग. दरवर्षीच्या शिवार फेरीला जा. कार्यालयात ज्या शास्त्रज्ञाची भेट मिळत नाही तो त्या दिवशी बांधावर उभा राहून मोकळेपणानं बोलतो. नागपुरात केंद्रीय कापूस संशोधन संस्था, केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था, मातीच्या सर्वेक्षणाचं राष्ट्रीय केंद्र आणि पर्यावरण अभियांत्रिकीची नीरी, अशा चार राष्ट्रीय संस्था एकाच शहरात आहेत. इतकं शास्त्र एका जागी असून जिल्ह्यात त्यावर उभा राहिलेला उद्योग किती आहे, हा विचार ज्याचा त्यानं करावा. वर्ध्याला महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे. लहान यंत्रसामग्री आणि वनौषधी प्रक्रियेसाठी तिथं विचारा. अमरावती आणि गोंडवाना विद्यापीठांकडे इन्क्युबेशनची, म्हणजे नव्या उद्योगाला सुरुवातीचा आधार देण्याची सोय आहे. नोंदणीचा पत्ता, मार्गदर्शक आणि प्रयोगशाळेत टेबल मिळण्यासाठी ती उपयोगी पडते.

रोजचा संबंध मात्र कृषी विज्ञान केंद्राशी ठेवा: सेलसुरा, दुर्गापूर, घातखेड, करडा, सिंदेवाही, साकोली, सोनापूर, जे जवळ असेल ते. शेतावरच्या चाचण्या त्यांच्यामार्फत झाल्या तर आकड्यांना वजन येतं. कृषी महाविद्यालयाचे 'रावे'चे विद्यार्थी, म्हणजे बातम्यांतले कृषिदूत आणि कृषिकन्या, हंगामभर गावात राहतात. बीजप्रक्रियेची प्रात्यक्षिकं त्यांना करायचीच असतात. ती तुमच्या पाकिटावर होऊ द्या, पण शेजारी बिनप्रक्रियेचा पट्टा राखायला सांगा. तुलनेचा पट्टा नसलेलं प्रात्यक्षिक म्हणजे फोटो काढण्याचा कार्यक्रम.

सरकारच्या बाजूनं चार खुर्च्या ओळखून ठेवा: जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी, 'आत्मा' या कृषी विस्तार यंत्रणेचे प्रकल्प संचालक, जिल्हा उद्योग केंद्राचे महाव्यवस्थापक आणि जिल्हा नियोजन अधिकारी. चौथी खुर्ची लोक विसरतात. तिचं काम पुढे येईल.

पायरी तिसरी: करार मोजणीवर करा

सामंजस्य करार करणं फार सोपं आहे. हार घालून, फाइल हातात धरून फोटो निघतो आणि वर्षभरानं ती फाइल कुठं आहे हे कुणाला सांगता येत नाही. त्यात 'सहकार्य', 'आदानप्रदान', 'बळकटीकरण' असे शब्द असतात, पण कुणी काय मोजायचं ते नसतं. तुमच्या करारात तीन मोजण्या लिहून घ्या.

पहिली मोजणी मूळ कल्चर, म्हणजे ज्यातून पुढचा माल वाढवायचा तो शुद्ध जिवाणू, देताना विद्यापीठानं करायची. जिवाणूची ओळख, संग्रह क्रमांक, शुद्धता आणि तो किती पिढ्या पुढे वाढवलेला आहे हे लेखी हवं. तेच कल्चर नळीतून नळीत वर्षानुवर्षं वाढवत राहिलं तर ते दिसायला जिवंत असतं, पण मुळावर गाठी धरायचं विसरतं. म्हणून दर हंगामाला ताजं मूळ कल्चर देण्याची अट घाला.

दुसरी मोजणी भरणीच्या दिवशी, कारखान्यानं करायची. खत नियंत्रण आदेशानुसार भुकटी स्वरूपातल्या रायझोबियम किंवा पीएसबीत ग्रॅमला किमान ५ कोटी आणि द्रवरूपात मिलिलिटरला किमान १० कोटी जिवंत पेशी लागतात. तुम्ही भरताना याच्या कितीतरी वर असलं पाहिजे, कारण पुढे घट होणारच.

तिसरी मोजणी विक्रीच्या हंगामात, दुकानाच्या फळीवरून उचललेल्या पाकिटाची. ही कुणी करत नाही. ती कृषी विज्ञान केंद्रानं किंवा जवळच्या महाविद्यालयानं करावी आणि निकाल तिघांनाही कळवावा. पाकिटात जीव कमी निघाला तर दोष मूळ कल्चरचा, भरणीचा की दुकानदारानं युरियाच्या पोत्यांशेजारी उन्हात ठेवल्याचा, हे तीन आकडे शेजारी मांडले की उघड होतं. एकमेकांवर ढकलायला जागा उरत नाही आणि सहकार्याची भाषणंही आपोआप आवरती होतात.

शुद्धतेचा आग्रह मी का धरतो, त्याचं उदाहरण नागपूरशीच जोडलेलं आहे. केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि धारवाडचं कृषी विज्ञान विद्यापीठ यांनी बिकानेरी नरमा बीटी हा सार्वजनिक क्षेत्रातला कापूस वाण काढला. २००८ मध्ये त्याला मंजुरी मिळाली. शेतकऱ्याला बियाणं घरचं राखता येणार होतं, ही त्याची मोठी बाजू. पुढे त्या बियाण्यात खासगी कंपनीचं जनुक आढळलं आणि वाण बाजारातून मागे घ्यावा लागला. शास्त्र असूनही साखळीतली एक कडी सैल राहिली की काय होतं, ते यात दिसतं. तुमच्याकडे जनुकं नसतील, पण एका नळीवर चुकीची चिठ्ठी लागली तरी हंगाम जातो.

करारातल्या आणखी काही गोष्टी. सही विभागप्रमुखाच्या पदाशी करा, व्यक्तीशी नाही. शास्त्रज्ञांच्या बदल्या होतात आणि नव्या साहेबांना जुन्या माणसाचा शब्द माहीत नसतो. हक्क अनन्य मागू नका. एकट्यासाठी हक्क मागणाऱ्याला विद्यापीठ सहसा लटकवून ठेवतं आणि जिल्ह्यात दुसरा कारखाना उभा राहिला तर ते तुमच्याही फायद्याचं आहे. शुल्क आणि स्वामित्वधनाची टक्केवारी पहिल्याच बैठकीत विचारा. एखाद्या एम.एस्सी.च्या विद्यार्थ्याला तुमच्याच मालावर प्रबंध करू द्या. त्याला विषय मिळतो, तुम्हाला दोन हंगामांची माहिती मिळते, आणि ती पुढे जॉइंट अॅग्रेस्कोपर्यंत गेली तर शिफारशीत जागा मिळण्याची शक्यता असते. राज्यातल्या चारही कृषी विद्यापीठांच्या या बैठकीत संमत झालेली शिफारस कृषी संवादिनीत छापली जाते, आणि तालुक्याचा अधिकारी शेतकऱ्याला तीच वाचून दाखवतो. दुसऱ्या कुठल्या जाहिरातीला तेवढा मान नाही.

जिवाणू तुम्ही स्वतः गावच्या मातीतून वेगळा केला असेल तर जैवविविधता कायदा, २००२ लागू होतो. राज्य जैवविविधता मंडळाचं मुख्यालय नागपुरातच आहे. व्यापारी वापर सुरू करण्याआधी तिथं विचारणा करा आणि ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीलाही कळवा. हा टप्पा ओलांडून गेलेल्यांना नंतर निर्यातीच्या किंवा पेटंटच्या वेळी अडचण येते.

पायरी चौथी: परवाना, आणि लेबलवर काय लिहू नये

इथं दोन वेगळे कायदे आहेत. नवख्या माणसाचा सर्वांत जास्त वेळ इथंच वाया जातो.

जिवाणू खतं खत नियंत्रण आदेश, १९८५ खाली येतात. २००६ मध्ये त्यांचा त्यात समावेश झाला. परवाना राज्याच्या कृषी आयुक्तालयाकडून, पुण्याहून मिळतो. प्रयोगशाळा, यंत्रं, तांत्रिक माणूस आणि तपासणी अहवाल दाखवावा लागतो. काम कंटाळवाणं आहे, पण होतं.

ट्रायकोडर्मा ही रोगांवरची मित्रबुरशी, बिव्हेरिया आणि मेटारायझियम या किडींवरच्या बुरशी, घाटेअळीवरचा विषाणू म्हणजे एचएएनपीव्ही, हे सगळे कीटकनाशक कायदा, १९६८ खाली. त्यांची नोंदणी फरीदाबादच्या केंद्रीय कीटकनाशक मंडळाकडे आणि उत्पादन परवाना राज्याकडे. कलम ९(३ब) खाली दोन वर्षांसाठी तात्पुरती नोंदणी मिळते. त्या मुदतीत उरलेली माहिती जमवून कलम ९(३) खालची कायम नोंदणी घ्यायची. खरा खर्च विषारीपणाच्या चाचण्यांचा असतो. म्हणून विद्यापीठाकडे ट्रायकोडर्माचं कल्चर मागताना पहिला प्रश्न हा करा: या जातीची विषारीपणाची चाचणी आधीच झालेली आहे का, आणि ती माहिती परवानाधारकाला वापरू देता का? 'हो' असेल तर लाखांची बचत आहे. 'नाही' असेल तर त्या कल्चरचं कितीही कौतुक असलं तरी वही मिटा.

बाजाराची ओढ ट्रायकोडर्माकडेच असते, हे मला माहीत आहे. हरभऱ्याची मर, तुरीची मर, संत्र्याची डिंक्या आणि मूळकूज या सगळ्यांवर शेतकरी तेच मागतो. तरी आधी जिवाणू खतांवर हात बसवा आणि पैसा फिरता ठेवा. कीटकनाशकाच्या नोंदणीचा अर्ज त्याच वेळी समांतर सुरू करा. ट्रायकोग्रामासारखे परजीवी मित्रकीटक या कायद्याच्या नोंदणीत येत नाहीत. ट्रायकोकार्ड बनवण्याचं काम महिला बचत गट घरातल्या एका खोलीत करू शकतो. तांदळाच्या पतंगाची अंडी आणि स्वच्छता सांभाळता आली पाहिजे, एवढंच.

लेबलबद्दल ताकीद. जिवाणू खताच्या पाकिटावर 'मर रोगावर प्रभावी' असं छापलं की कायद्याच्या नजरेत ते कीटकनाशक होतं आणि तुमच्याकडे तो परवाना नाही. छापखान्याच्या पोरानं हौसेनं टाकलेल्या एका ओळीनं गुन्हा दाखल होऊ शकतो. नमुना अप्रमाणित निघाला तर प्रकरण जीवनावश्यक वस्तू कायद्यापर्यंत जातं. म्हणून प्रत्येक घाण्याचा, म्हणजे एका वेळी तयार केलेल्या मालाचा, राखीव नमुना मुदत संपेपर्यंत थंड जागी ठेवा. निरीक्षकाच्या अहवालाला उत्तर देताना दुसरं काही कामाला येत नाही.

आणि ते 'टॉनिक'. जैविक नाव लावून आत रासायनिक औषध मिसळलेल्या बाटल्या बाजारात आहेत, हे सर्वांना ठाऊक आहे. त्या भराभर विकल्या जातात कारण अळी दुसऱ्या दिवशी पडते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. 'जैविक आहे' म्हणून शेतकरी तोंडाला फडकं न बांधता फवारतो. त्या बाटलीत काय आहे हे न सांगणं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ आहे. त्या धंद्यापासून लांब राहा, मार्जिन कितीही सांगोत.

पायरी पाचवी: शेड, पाणी, वीज

जागा निवडताना जिनिंगपासून दूर जा. नोव्हेंबर ते मार्च कापसाचा रुवा आणि धूळ हवेत असते आणि ती लॅमिनारच्या, म्हणजे निर्जंतुक हवेच्या कपाटाच्या, गाळण्या बुजवते. दालमिल आणि शेणखताचा ढीगही वाऱ्याच्या दिशेला नको.

पाणी आधी तपासा, मग जमिनीचा सौदा करा. पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या मोठ्या भागात, विहिरीचं पाणी माध्यमालाही चालत नाही आणि बॉयलरलाही. आरओ यंत्राचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरा. त्याच खारपाणपट्ट्यात संधीही आहे. क्षार सोसणारा जिवाणू तिथल्याच मातीत सापडेल आणि बाहेरच्या कंपनीला तो शोधायची गरज वाटत नाही. विद्यापीठाशी बोलताना हा विषय जरूर काढा.

शेतीच्या फिडरवर आठ तासांचा थ्री फेज मिळतो. फर्मेंटर, म्हणजे जिवाणू वाढवायची टाकी, एकदा सुरू केला की दीड-दोन दिवस हवा आणि ढवळणं थांबून चालत नाही. त्यामुळे औद्योगिक जोडणी आणि आपोआप सुरू होणारं जनरेटर, दोन्ही हवं. वाफेनं निर्जंतुक करणारा ऑटोक्लेव्ह १२१ अंशाला १५ पौंड दाबावर वीस मिनिटं चालला पाहिजे. त्यात 'चालतंय' करणारा माणूस ठेवू नका.

बुरशी आणि जिवाणू एका खोलीत वाढवायचे नाहीत. ट्रायकोडर्माचे बीजाणू हवेतून सगळीकडे जातात आणि रायझोबियमचा अख्खा घाणा हिरवा करतात. वेगळी शेड, वेगळे कपडे, जमलं तर वेगळी माणसं.

भुकटी की द्रवरूप? टाल्कवरचं पाकीट स्वस्त पडतं आणि साधारण सहा महिने टिकतं. द्रवरूप वर्षभर किंवा जास्त टिकतं आणि आपल्या उन्हाळ्यात तेच बरं. पण बाटली, बूच, लेबल यांचा खर्च वाढतो. पहिल्या रब्बीला भुकटी करा आणि द्रवरूपाकडे खरिपाच्या आधी वळा.

पायरी सहावी: पैसा

थोडक्यात. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात उत्पादन उद्योगाला ५० लाखांपर्यंतचा प्रकल्प करता येतो. ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला २५ टक्के, महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग अशा विशेष गटांना ३५ टक्के अनुदान मिळतं. अनुदान तीन वर्षं बँकेत अडकून राहतं, हे लक्षात ठेवून हप्ते बसवा. कृषी पायाभूत सुविधा निधीत जैविक निविष्ठा उत्पादन बसतं आणि २ कोटींपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजसवलत आहे. शेतकरी कंपनीसाठी हा रस्ता बरा. मुदती आणि अटी बदलत असतात, अर्ज करण्याच्या आठवड्यात बँकेत खात्री करून घ्या. कल्पना खरोखर नवी असेल, जसा खारपाणपट्ट्याचा जिवाणू, तर केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाखालच्या बायरॅकचं बिग अनुदान पाहा. १८ महिन्यांसाठी ५० लाखांपर्यंत, अर्ज जानेवारी आणि जुलैत. पुण्याचं व्हेंचर सेंटर त्यातलं भागीदार आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये मंजूर झालेल्या बायोई३ धोरणात हवामानाला तोंड देणारी शेती हा एक विषय आहे, प्रस्तावात तो शब्द येऊ द्या. राज्याच्या सामूहिक प्रोत्साहन योजनेत विदर्भातल्या बहुतेक तालुक्यांना जास्त सवलतीचे गट आहेत. जिल्हा उद्योग केंद्रात तुमचा तालुका कोणत्या गटात येतो ते विचारा.

आता ती चौथी खुर्ची. प्रत्येक शेतकरी कंपनीनं स्वतःचा फर्मेंटर आणि स्वतःची तपासणी प्रयोगशाळा घ्यायची ही अनुदानाची चाल मला पटत नाही. यंत्र येतं, फीत कापली जाते आणि चालवणारा माणूस नसल्यामुळे तिसऱ्या वर्षी त्यावर धूळ असते. त्यापेक्षा तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी, एखाद्या कृषी किंवा विज्ञान महाविद्यालयात, एकच चांगली तपासणी प्रयोगशाळा आणि मूळ कल्चरची शीतपेटी असावी. सगळ्या कारखान्यांनी नमुन्यामागे पैसे देऊन ती वापरावी. जिल्हा वार्षिक योजनेत नावीन्यपूर्ण योजनांसाठी तरतूद असते, उद्योग केंद्राकडे समूह विकासाखाली सामाईक सुविधा केंद्र मागता येतं. चंद्रपूर, नागपूर, यवतमाळ, गडचिरोलीत जिल्हा खनिज प्रतिष्ठानाचा, म्हणजे खाणींच्या पैशातून जमणारा, निधीही आहे. हा प्रस्ताव एकट्यानं नेऊ नका. चार कंपन्या आणि प्राचार्य मिळून पालकमंत्र्यांच्या बैठकीआधी नियोजन अधिकाऱ्याकडे द्या. बैठकीच्या दिवशी दिलेला कागद त्याच दिवशी हरवतो. असे दोन-तीन जिल्हे झाले तर त्याला उद्योग म्हणता येईल. एकटा कारखाना हे दुकानच राहतं.

पायरी सातवी: विक्री

दुकानदाराला तुमच्या जिवाणूंचं कौतुक नाही. तो तीन गोष्टी विचारेल: उगम प्रमाणपत्र, म्हणजे माल कोणत्या उत्पादकाकडून येतो त्याचा दाखला, आहे का, मार्जिन किती, आणि उधारी किती दिवस. उगम प्रमाणपत्राशिवाय तो तुमचा माल त्याच्या परवान्यात घालूच शकत नाही, त्यामुळे ते हंगामाच्या दोन महिने आधी हातात हवं. उधारीचा प्रश्न अवघड आहे. आपल्याकडे निविष्ठांचा पैसा कापूस-सोयाबीन विकल्यावर येतो. नवा कारखाना तेवढा काळ तग धरत नाही. म्हणून पहिल्या दोन हंगामांत अर्ध्याहून जास्त माल शेतकरी कंपन्यांना आगाऊ नोंदणीवर द्या आणि दुकानात थोडाच ठेवा.

सरकारी पुरवठ्याच्या निविदेवर जगू नका. एका वर्षी ऑर्डर मोठी येते, पैसे उशिरा येतात, पुढच्या वर्षी दर दुसऱ्याचा कमी असतो आणि तुमच्याकडे तीन पाळ्यांची माणसं बसलेली असतात.

पाकिटासोबत बीजप्रक्रियेचा क्रम मोठ्या अक्षरात छापा: आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, शेवटी जिवाणू संवर्धक; बियाणं सावलीत सुकवा, लगेच पेरा. क्रम उलटा झाला की बुरशीनाशक जिवाणूंनाच खातं आणि बोल तुमच्या ब्रँडला लागतो. गावात हे सांगायला कंपनीच्या टायवाल्या प्रतिनिधीपेक्षा बचत गटातली बाई जास्त उपयोगी पडते, कारण बियाणं चोळण्याचं काम घरोघर बायाच करतात.

पायरी आठवी: माणसं

अमरावती, यवतमाळ, वर्ध्यातून दरवर्षी मायक्रोबायोलॉजी आणि बायोटेक्नॉलॉजीच्या पदव्या घेऊन मुलंमुली बाहेर पडतात आणि पुणे-हैदराबादची गाडी पकडतात. तुम्हाला त्यातले दोघंच हवेत: एक मोजणी करणारा आणि एक घाणा सांभाळणारा. मोजणी करणाऱ्याचा पगार विक्रीवर अवलंबून ठेवू नका आणि त्याला मालकाच्या नातेवाइकाच्या हाताखालीही ठेवू नका. तो 'हा घाणा विकू नका' म्हणाला की घाणा विकायचा नाही, हे नियमात लिहा आणि मंडळाच्या बैठकीत ठराव करून घ्या.

दुसऱ्या वर्षी

पहिल्या रब्बीच्या तिन्ही मोजण्या डिसेंबरात समोर ठेवा. फळीवरचा आकडा प्रमाणाच्या खाली असेल तर खरिपाचा विचार सोडा, आधी साठवण आणि वाहतूक दुरुस्त करा. आकडा बरा असेल तर जानेवारीतच सोयाबीनच्या द्रवरूप रायझोबियमची तयारी धरा, कल्चरची मागणी विद्यापीठाकडे लेखी नोंदवा, आणि मेमधला माल ठेवायला थंड खोली भाड्यानं घ्या. संत्रापट्ट्यात असाल तर वरूडजवळच्या शेंदूरजनाघाटच्या रोपवाटिकावाल्यांशी बोला. रोगमुक्त डोळा आणि निर्जंतुक माध्यमातली कलमं कशी करायची ते नागपूरच्या लिंबूवर्गीय संस्थेकडे आहे, कलम बांधणारे कसबी हात शेंदूरजन्यात आहेत आणि कुंडीतल्या मातीत मिसळायला ट्रायकोडर्मा तुमच्याकडे असेल, तोपर्यंत फरीदाबादचा कागद आला असेल तर.